इतिहास आवडतो, पण पाच वर्षांत पगार हवा: मग मेजर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप, बोर्डाला ८१ टक्के, एमएचटी-सीईटीला ८८ पर्सेंटाइल. ओढा इतिहासाकडे, त्यातही पुरातत्त्वाकडे. पण साधारण पाच वर्षांत घरात पगार यायला हवा, आणि ही अट आईबाबांनी घातलेली नाही, विचारणाऱ्या मुलीची स्वतःची आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं की बीए इतिहास?

घरचे नको म्हणतात आणि मूल हट्टाला पेटलंय, असा हा मामला नाही. दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या आहेत. त्यामुळे ‘मनाचं ऐक’ किंवा ‘प्रॅक्टिकल हो’ यातलं काहीही सांगितलं तरी निम्म्या प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘आवड की करिअर’ अशी मांडणी केली की घरोघरी दोन महिने तोच वाद चालतो. म्हणून सुरुवात वेगळीकडून करा. ज्या तीन-चार नोकऱ्यांचा तुम्ही विचार करताय, त्यांच्या मागच्या जाहिराती काढा आणि त्यातलं शैक्षणिक अर्हतेचं कलम शब्द न् शब्द वाचा. तेवढ्या एका परिच्छेदाने बराच वाद मिटतो. ते कलम विषय सांगतं का, कोणत्या पातळीवर सांगतं, आणि किती टक्के मागतं, एवढंच पाहायचं.

काही कामांचं दार एकाच पदवीने उघडतं. डॉक्टर, वास्तुविशारद, नर्स यांना पर्याय नाही. तिथे आवड कितीही दुसरीकडे असली तरी पदवी तीच घ्यावी लागते, नाहीतर ते काम सोडून द्यावं लागतं.

काही दारांना विषयाची अटच नसते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. राज्यसेवेतल्या बहुतेक पदांचंही तसंच. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्क्यांची कोणतीही पदवी, एमबीएला ५० टक्क्यांची. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण संवर्गाला ६० टक्के मागतात, विषय विचारत नाहीत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतल्या बहुतेक पदव्युत्तर चित्रपट अभ्यासक्रमांनाही कोणतीही पदवी चालते. तुमचं ध्येय या यादीतलं असेल तर झगडा बहुतांशी खोटा आहे. तिथे ज्या विषयात तुम्हाला ७० टक्के सहज पडतील तो विषय चांगला. आवडीच्या विषयात गुण जास्त पडतात, हाच आवडीचा सगळ्यात रोकडा फायदा.

खरी गंमत आणि खरी फसगत मधल्या दारांवर होते. ती अर्धी उघडी असतात: पदवी कोणतीही चालेल, पण तिच्यात अमुक विषय असला पाहिजे. उदाहरणं बघा. भारतीय वनसेवेला पदवीत पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय लागतो, किंवा कृषी, वनविद्या, अभियांत्रिकी यांची पदवी लागते. म्हणजे इतिहासाचा पदवीधर जंगलावर कितीही प्रेम करत असला तरी फॉर्मच भरू शकत नाही. भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी भागतं. भारतीय अर्थसेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवादकाला हिंदीतून एमए असेल तर पदवीच्या पातळीवर इंग्रजी विषय किंवा माध्यम म्हणून असावं लागतं, आणि इंग्रजीतून एमए असेल तर हिंदी. केंद्रीय विद्यालयात सहावी ते दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकासाठी आतापर्यंतच्या जाहिरातींत पदवीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय मागितले जातात, आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असलाच पाहिजे. वर बीएड आणि सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा.

या जाहिराती वाचल्या की लक्षात येतं: दार बऱ्याचदा मेजरमुळे, म्हणजे मुख्य विषयामुळे, बंद होत नाही, सोबत घेतलेल्या दुसऱ्या विषयामुळे, म्हणजे मायनरमुळे, होतं. आणि त्या दुसऱ्या विषयावर कोणी पाच मिनिटंही विचार केलेला नसतो. कॉलेजच्या खिडकीवर ‘मायनरला काय टाकू?’ असं विचारलं जातं आणि ज्या विषयाच्या जागा रिकाम्या असतील तो लिहिला जातो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पुरातत्त्वाचं दार कसं आहे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एमएला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. पदव्युत्तर पदवीशिवाय या क्षेत्रात अधिकारी किंवा संशोधक म्हणून पाय ठेवता येत नाही, त्यामुळे खरा प्रवेश एमएलाच होतो, पदवीला नाही. म्हणजे इंजिनिअरिंग करून पुरातत्त्वाकडे येता येतं. उलट, बीए करून इंजिनिअरिंगकडे जायचं तर पुन्हा सीईटी आणि पुन्हा चार वर्षं. बीएस्सी असेल आणि बारावीला गणित असेल तर थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग तरी आहे. बीएला तोही नाही.

या असमतोलामुळेच मोठी माणसं ‘आधी इंजिनिअरिंग कर, मग काय हवं ते कर’ म्हणतात. तर्क अगदीच चुकीचा नाही. फक्त त्यात एक अट गाळलेली असते: इंजिनिअरिंग वेळेत आणि बऱ्या गुणांनी पूर्ण झालं पाहिजे. पहिल्या वर्षी गणित आणि मेकॅनिक्समध्ये केटी लागली (विषय राहिला), दुसऱ्या वर्षी वायडी झाला (वर्ष वाया गेलं), की चार वर्षांची पदवी पाच-साडेपाच वर्षांची होते. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींना ६० टक्के मागतात आणि चालू बॅकलॉग चालवून घेत नाहीत. मग हातात अशी पदवी उरते जी नोकरीही देत नाही आणि एमएच्या अर्जावर टक्केवारीही खाली खेचते. उघडं ठेवायला घेतलेलं दार नेमकं असं बंद होतं. म्हणून हा मार्ग घ्यायचा की नाही हे एका साध्या गोष्टीवर ठरवा. अकरावी-बारावीच्या गणिताचा अभ्यास तुम्ही कसा केलात? कंटाळत का होईना पण स्वतः बसून गणितं सोडवली असतील तर इंजिनिअरिंग झेपेल. क्लासच्या सरांनी सोडवलेली गणितं पाठ करून ८१ टक्के आले असतील तर पहिल्याच सेमिस्टरला त्रास सुरू होईल. हे उत्तर तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

पैशाचा हिशोब आकड्यांत करा, ‘परवडेल बहुतेक’ असा नको. समजा खासगी कॉलेजची फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला दोन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. चार वर्षांत आठ लाख. व्याजदर १० टक्के धरा. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मोजलं जात असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन वर्षांचं. साध्या व्याजाने हे २ लाख ८० हजार होतात. हप्ता सुरू होताना डोक्यावर १० लाख ८० हजार असतात. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सव्वाचौदा हजारांच्या आसपास हप्ता. सुरुवातीचा पगार २५ हजार असेल, शहरात खोलीचं भाडं द्यायचं असेल, तर घरी पाठवायला काय उरलं ते तुम्हीच मांडा. ‘पाच वर्षांत पगार सुरू’ ही अट कागदावर पूर्ण होते, पण तो पगार घरात येत नाही, बँकेत जातो.

हाच हिशोब फी माफीमुळे पार उलटा होऊ शकतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यात बसत नाहीत. इथे दरवर्षी लोक अडकतात: ‘मोठ्या’ विद्यापीठाच्या आवारात भारावून जागा घेतात आणि मग कळतं की माफी लागूच नाही. कॉलेज कॅपमध्ये आहे का आणि तुमची जागा कॅपमधून आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. मुलगा असता तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क धरून हिशोब झाला असता. हॉस्टेल, मेस आणि विकास निधी यांचे पैसे माफीतही द्यावे लागू शकतात, तो आकडा कॉलेजच्या फी पत्रकातून वेगळा काढा.

तर आवडीची परीक्षा. तिच्याकडे लोक भावनेने बघतात, ती जरा रुक्षपणेच घ्यावी. किल्ले बघायला आवडणं, इतिहासावरचे व्हिडिओ तासन्‌तास पाहणं आणि इतिहास हा विषय शिकणं यांत अंतर आहे. ज्या विद्यापीठात जायचंय त्याच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा नको, तो सगळ्यांनाच सोपा आणि ओळखीचा वाटतो. तिसऱ्या वर्षात इतिहासलेखनशास्त्र असतं: साधनं कशी तपासायची, एकाच घटनेची दोन वृत्तं विरोधी असतील तर काय करायचं. आर्थिक इतिहास असतो, महसूल पद्धती असतात, युरोप आणि आधुनिक जग असतं. त्यातलं एक प्रकरण निवडा, संदर्भग्रंथांच्या यादीतलं एक पुस्तक ग्रंथालयातून आणा, चाळीस पानं वाचा आणि गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतला त्या प्रकरणावरचा दहा गुणांचा प्रश्न हाताने लिहून काढा. लिहिताना पुस्तकात परत डोकावून ‘हे असं का?’ हे शोधावंसं वाटलं, तर आवड खरी आहे. उत्तर कसंबसं संपवलं, तर ती प्रेक्षकाची आवड आहे. तीही चांगलीच गोष्ट, पण तिच्यासाठी पदवी लागत नाही.

पुरातत्त्वाचं तर आणखी वेगळं. उत्खननाच्या खड्ड्यात ब्रशने माती झाडणं हा त्यातला छोटासा भाग. बाकी वेळ खापराचे तुकडे धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, मोजमाप, रेखाटनं, नोंदवह्या, नकाशे, अहवाल. महाराष्ट्रात मोडी वाचता आली तर अभिलेखागारातलं काम खुलं होतं. मोडीचे प्राथमिक वर्ग अनेक शहरांत चालतात, सुट्टीत एक करून बघा. दुसऱ्या कोणाचं हस्ताक्षर, तेही दोनशे वर्षांपूर्वीचं, अक्षर अक्षर लावत बसण्याचा कंटाळा येत नसेल तर तुमच्या आवडीबद्दल कोणत्याही अ‍ॅप्टिट्यूड टेस्टपेक्षा जास्त कळेल. अशा टेस्टसाठी हजारो रुपये मोजण्याआधी हे फुकटचं करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटरचीही अशीच परीक्षा घ्या, एकतर्फी नको. स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचांवरचा प्रोग्रामिंगचा एखादा कोर्स मोफत बघता येतो. तीन आठवडे रोज एक तास द्या आणि दिलेल्या असाइनमेंट स्वतः करा. प्रोग्राम चालत नाही, चूक कुठे आहे कळत नाही, अर्धा तास गेला, या क्षणी काय वाटतं ते पाहायचं. कटकट वाटली तरी शोधत राहिलात तर हे काम जमेल. कॉम्प्युटरमधल्या नोकरीत दिवसाचा मोठा भाग याच क्षणात जातो. ‘आवड नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांनी हे कधी करूनच पाहिलेलं नसतं, आणि ‘स्कोप आहे’ म्हणणाऱ्यांनीही नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाचा ढाचा तुमच्या कामी येऊ शकतो, पण तो नीट समजून घ्यावा लागतो. संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून आला, स्वायत्त कॉलेजांत त्याआधी एक वर्ष. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं शिकवणं. निम्मी किंवा जास्त क्रेडिट मेजरची, साधारण १८ ते २० मायनरची, बाकी ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग वगैरे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा अशी सोय आहे. काही ठिकाणी मेजर पहिल्याच दिवशी पक्का होतो. तुमच्या मनात दोन विषय असतील तर पहिल्या प्रकारचं कॉलेज शोधण्यात दोन दिवस गेले तरी ते सत्कारणी लागतात.

कागदावर कोणताही मेजर आणि कोणताही मायनर चालतो. प्रत्यक्षात वेळापत्रक जे देईल ते मिळतं. इतिहासाचा आणि संख्याशास्त्राचा तास एकाच वेळी असेल तर ती जोडी त्या कॉलेजात अस्तित्वातच नाही. म्हणून माहितीपत्रक वाचून थांबू नका. चालू वर्षाचं वेळापत्रक मागा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की तुमच्या हव्या त्या जोडीत सध्या किती जण आहेत. एकही नसेल तर कारण शोधा. आणि मायनरचं नाव गुणपत्रिकेवर कसं छापलं जातं ते पाहा. नोकरीच्या जाहिरातीत ‘पदवीला विषय म्हणून संख्याशास्त्र’ असेल आणि गुणपत्रिकेवर पेपरचं नाव ‘डेटा आणि समाज’ असेल, तर कागदपत्र तपासणीच्या टेबलावर तुम्हाला पटवत बसावं लागतं. विषयाचं नाव स्वच्छ दिसेल असा मायनर घ्या.

दोन पदव्या एकाच वेळी करण्याचा पर्यायही आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये तशी परवानगी दिली: एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा तासांची टक्कर होत नसेल तर दोन्ही नियमित. इंजिनिअरिंगसोबत इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए, असं अनेकांच्या मनात येतं. अडचण परीक्षांची आहे. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात आणि इंजिनिअरिंगच्या सेमिस्टर परीक्षा त्याच सुमारास. एकाच दिवशी दोन पेपर आले की मुक्त विद्यापीठाचा पेपर सुटतो, असे चार सुटले की उत्साह संपतो. यावर उपाय म्हणजे सावकाश जाणं. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. पहिलं वर्ष इंजिनिअरिंगवरच काढा, दुसऱ्या वर्षी नाव नोंदवा, एका सत्रात दोन-तीनच पेपरचे फॉर्म भरा, असाइनमेंट मात्र सगळ्या वेळेत द्या. पण तुमच्या बाबतीत मला ही दुसरी पदवी गरजेचीच वाटत नाही, कारण पुरातत्त्वाच्या एमएला ती लागत नाही. इतिहास शिकवायचा असेल तरच तिचा उपयोग.

एक इशारा एमपीएससीबद्दल. ‘बीए करते आणि सोबत राज्यसेवेची तयारी’ ही योजना नव्हे, ती योजना पुढे ढकलण्याची पद्धत आहे. खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत वयोमर्यादा असल्यामुळे ती ढकलत राहता येते, आणि पुण्यातल्या अभ्यासिका याच कारणाने भरलेल्या असतात. पाच वर्षांत पगाराची अट असेल तर स्पर्धा परीक्षा ही दुसऱ्या एखाद्या कमाईच्या सोयीवर बसवावी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून त्यातही वैकल्पिक विषय आला आहे. यूपीएससीत १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात. तो विषय पदवीचाच असावा असं बंधन नाही. इंजिनिअर इतिहास घेऊ शकतो.

आता माझा कौल. तीन गोष्टींवर तो बदलतो: फी माफी, गणित आणि घरापासूनचं अंतर.

फी माफी लागू असेल, गणित झेपणारं असेल आणि रोज ये-जा करता येईल असं कॅपमधलं बऱ्यापैकी कॉलेज असेल, तर कॉम्प्युटर किंवा आयटी घ्या. ८८ पर्सेंटाइलला पुण्याच्या सीओईपीचं किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर नाही, खुल्या प्रवर्गात ते साधारण ९९ च्या वर बंद होतं. मधल्या फळीतलं कॉलेज मिळेल, आणि तेवढं पुरेसं आहे. चार वर्षांत नोकरी, त्यानंतर दोन-तीन वर्षं कमाई, मग एमए. वारसास्थळांच्या कामात त्रिमितीय मोजणी, नकाशे, जुन्या कागदांचं डिजिटायझेशन यांना तांत्रिक माणूस लागतो, त्यामुळे ही पदवी तिथे वाया जात नाही.

फी माफी नसेल आणि कर्ज काढावं लागणार असेल, तर वरचा हप्त्याचा हिशोब बघता मी इंजिनिअरिंग सुचवणार नाही. तिथे तीन वर्षांची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, अनुदानित कॉलेजात मिळाली तर फारच उत्तम. पण अनेक कॉलेजांत बीए, बीएस्सीचे मूळ विषय अनुदानित असतात आणि कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित, एकाच इमारतीत फीमध्ये अनेक पटींचा फरक. बीसीए घेणार असाल तर २०२४ पासून त्याला वेगळी सीईटी आहे. ती चुकवण्यासाठी काही कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावंच बदलली आहेत, तेव्हा पदवीवर नेमकं काय छापलं जाणार ते लेखी घ्या.

आणि गणित नकोच असेल तर बीए इतिहासाऐवजी मेजर भूगोल आणि मायनर इतिहास बघा, असं मी म्हणेन. इतिहास कमी दर्जाचा म्हणून नव्हे. भूगोलासोबत जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांचं विश्लेषण) आणि सुदूर संवेदन (उपग्रह, विमानातून मिळालेल्या चित्रांचा अभ्यास) शिकता येतं, ज्याला नगरपालिका, जलसंधारण, विमा, सर्वेक्षण अशा ठिकाणी काम आहे. सुरुवातीचा पगार फार नसतो, पण काम मिळायला पाच वर्षं थांबावं लागत नाही. इतिहास आणि भूगोल या जोडीने केंद्रीय विद्यालयासारखं शिक्षकाचं अर्धं दार उघडतं, आणि त्या अटीत मायनर मोजला जातो का हे त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्यावं. पुरातत्त्वात नकाशा वाचणारा माणूस तर हवाच असतो. तीन वर्षं बीए आणि दोन वर्षं बीएड किंवा एमए, म्हणजे बरोबर पाच. राज्यातल्या शाळांत टीएआयटी या शिक्षक अभियोग्यता चाचणीची आणि पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवरच्या भरतीची वाट पाहावी लागते, ती कधी निघेल हे कोणाच्याच हातात नसतं, म्हणून जीआयएसचं कौशल्य सोबत हवंच. बीए इतिहास मेजर मी त्यालाच सुचवेन ज्याची वरची चाळीस पानांची परीक्षा उत्तम गेली आहे आणि ज्याला पगारासाठी सात-आठ वर्षं थांबता येतं. एमएनंतर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण ती मिळेलच असं धरून घरखर्च आखता येत नाही.

प्रवेशाच्या तारखांचं गणित वेगळं सांभाळा. बीए, बीएस्सीच्या गुणवत्ता याद्या इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्यांच्या आधी लागतात. म्हणून आधी पदवी कॉलेजात जागा घेऊन ठेवा. सोडावी लागली तर यूजीसीच्या नियमाने शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केल्यास थोडं प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, नंतर शून्य. कॉलेजने मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नसतात, तरी लिव्हिंग सर्टिफिकेट एकच असतं, ते देताना पोच घ्या आणि परत कधी व कोणाकडून मिळेल ते विचारून ठेवा.

कॅपचा पसंतीक्रम भरताना २०२५-२६ मध्ये असा नियम होता की पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तर जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. सायबर कॅफेवाल्याने ‘वर टाकून ठेवू, बघू’ म्हणून भरलेलं ऐंशी किलोमीटर लांबचं कॉलेज असंच गळ्यात पडतं. जिथे खरोखर जाणार नाही ते नाव यादीत कुठेच नको. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत पाहून घ्या आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा.

आईबाबांसमोर बसताना या सगळ्याचा एकच कागद करा. प्रत्येक पर्यायाखाली एकूण खर्च, पहिला पगार अंदाजे कोणत्या महिन्यात, आणि तो पर्याय फसला तर पुढे कोणता रस्ता, एवढ्या तीन ओळी. नुसत्या आवडीवर बोललात तर समोरून काळजी येते. आकडे ठेवले की आकड्यांवर बोलणं होतं.

पहिलं वर्ष संपताना पुन्हा तपासा. दोन सेमिस्टरांत ४० ते ४४ क्रेडिट जमलेली असतात आणि ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत टिकतात, पण तुमचा एबीसी आयडी कॉलेजने जोडला असेल तरच. डिजिलॉकर उघडून क्रेडिट दिसतात का ते स्वतः बघा. मेजर बदलायचा असेल तर तेव्हाच बदला, तिसऱ्या सेमिस्टरनंतर जुळणारी क्रेडिट कमी होत जातात आणि एक वर्ष हमखास जातं. शिष्यवृत्ती चालू असेल तर बदलाचा अर्ज करण्याआधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या नियमात तो बसतो का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारून, जमल्यास त्याच्याकडून लेखी घेऊन, मगच सही करा.